किरणोत्सर्ग आणि आकडी

अपस्मार, म्हणजे खेडोपाडी ज्याला फेफरे किंवा मिरगी म्हणतात तो विकार, मेंदूतील विद्युत्-व्यवहार काही काळ बेबंद झाल्याने प्रकट होतो. मज्जापेशींना उत्तेजित करणाऱ्या आणि त्यांना आवर घालणाऱ्या प्रेरणांचा तोल सुटला की आकडी येते. क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनकारी किरणांचा या तोलावर होणारा परिणाम मात्रा, स्थान व वय यांवर अवलंबून असतो.

वयाचे महत्त्व जपानमध्ये दिसून आले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकीवर अणुबाँब पडले, तेव्हा मातेच्या उदरात असलेल्या सुमारे १,६०० मुलांची पुढे वर्षानुवर्षे पाहणी झाली. त्यांपैकी ३० जणांत तीव्र बौद्धिक अपंगत्व आढळले. आकडीविषयीचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भधारणेनंतर ८ ते १५ आठवड्यांच्या काळात ०.१० ग्रेहून अधिक मात्रा मिळालेल्यांत आकडीचे प्रमाण सर्वाधिक होते आणि मात्रेबरोबर ते चढत गेले. पहिल्या सात आठवड्यांत तेवढी मात्रा मिळालेल्यांत मात्र एकही नोंद नव्हती. ८ ते १५ आठवड्यांत नव्या मज्जापेशी मोठ्या संख्येने निर्माण होऊन मेंदूच्या बाह्यस्तराकडे सरकत असतात. तेव्हा घडी विस्कटली तर ती पुन्हा बसत नाही. अर्थात, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना वगळले की हा संबंध बराच क्षीण होतो, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

प्रौढ मेंदूतील मज्जापेशी सहसा विभागत नाहीत, म्हणून त्या किरणांना पुष्कळ दाद देत नाहीत. तथापि अर्बुदावरील उपचारात कित्येक ग्रे मात्रा दिल्यावर काही महिन्यांनी भोवतालच्या भागास सूज येऊन किंवा तो मृत होऊन आकडी सुरू होऊ शकते. नवल असे की, हेच किरण आकडी थांबविण्यासाठीही योजले जातात. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांचे 'गॅमा नाइफ' १९६८ मध्ये वापरात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक चाचणीत कानशिलामागील खंडाच्या अपस्मारावर किरणोपचाराने ५२ टक्के, तर शस्त्रक्रियेने ७८ टक्के रुग्ण आकडीमुक्त झाले. किरणांचा गुण यायला अनेक महिने लागतात.

गावात प्रश्न पडतो तो तपासणीचा. किरणांचे नाव काढताच हिरोशिमा आठवून मुलाला माघारी नेणारे पालक शिक्षकांना भेटतात. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमधील मात्रा माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळणाऱ्या मात्रेच्या जवळपास असते. तिने आकडी येत नाही. मात्र बालवयात वारंवार स्कॅन केल्यास पुढे कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, म्हणून ते विनाकारण करू नये. ईईजी आणि एमआरआय या तपासण्यांत आयनकारी किरण मुळीच नसतात. गर्भवतीने दिवस गेल्याचे तंत्रज्ञास आधी सांगावे. डोक्याच्या स्कॅनमध्ये गर्भापर्यंत अत्यल्प मात्रा पोहोचते, परंतु भीतीपोटी आकडीची गोळी परस्पर बंद केल्यास येणारी आकडी माता व गर्भ दोघांनाही धोकादायक ठरते.