पोरगी गुमान बसली म्हणजे तिचं ध्यान आहे का?

आम्ही अचलपूरच्या बचत गटातल्या बाया. आज आपल्या लहान लेकरांच्या ध्यानाबद्दल बोलू.

आपण नेहमी म्हणतो, "पोट्टं एका जागी बसत नाही, पोरगी कशी गुमान बसते!" यात थोडं खरं आहे. तीन ते सहा वर्षांच्या वयात मुली सरासरीनं जरा लवकर स्थिर बसायला शिकतात. पण हा फरक लहान आहे. दोन सख्ख्या भावांतही याहून जास्त फरक असू शकतो.

आम्ही आठ दिवस आपापल्या घरी नीट पाहिलं. चार वर्षांची पोरगी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, अगदी रमली होती. तेवढ्यात "बाळाला झोका दे", मग "गडवा आण", मग "कोंबडी हाकल". अर्ध्या तासात आम्ही तिला पाचदा उठवलं. तिचा भाऊ तुटक्या गाडीच्या चाकाशी खेळत होता. त्याला कोणी हाक मारली नाही. पोरीचं ध्यान आपणच मोडत होतो!

मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ साली इटलीत रोमला बालघर सुरू केलं. त्यांनी पाहिलेली तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळे खाचांत बसवत होती. तिनं तेच काम चाळीसहून जास्त वेळा केलं. भोवती मुलं गात होती, तरी ती ढळली नाही. ही पद्धत महाराष्ट्रातल्या खेड्यांत रुजवली ताराबाई मोडकांनी. लग्नानंतर त्या काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि लेकरांच्या अंगणातच शाळा नेली.

आणखी एक गोष्ट. धावणाऱ्या पोराचा त्रास सगळ्यांना दिसतो. गुमान बसलेल्या पोरीचं मन भलतीकडे असलं, तर कोणाला कळत नाही. कधी तिला कमी ऐकू येतं, कधी अंगात रक्त कमी असतं. हाक मारूनही ती वळत नसेल, सांगितलेलं वारंवार विसरत असेल, तर "लाजाळू आहे" म्हणून सोडू नका. अंगणवाडीताईला सांगा. तपासणीचं पथक येईल तेव्हा कान आणि रक्त तपासून घ्या. पोराचंही तसंच करा. त्याला वांड म्हणून मारू नका.

तर बायांनो, आजपासून एवढं करू. लेकरू रमलं असेल, तर वीस मिनिटं त्याला हाक मारायची नाही. पोरगा असो की पोरगी. पाण्याचा गडवा आपण उठून घेऊ.