आवाज येतो, शब्द येत नाहीं
(ज्युबिलीच्या सभेंतील भाषण)



आनंदाच्या सभेंत कर्णयंत्राचा विषय काढणें कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु गेलें वर्षभर ही गोष्ट आमच्या मनास टोंचीत आहे.

आपल्या धर्मग्रामांतील एका आजोबांनीं सारी उमर जालन्याच्या रोलिंग मिलमध्यें घालविली. कानांस यंत्र लावून ते मिस्सेस येऊं लागले, तेव्हां आम्हांस संतोष वाटला. पुढें ते शेवटल्या बांकावर बसूं लागले, व प्रवचन सुरू होतांच उठून ओट्यावर जात. आम्हीं त्यांस चारचौघांदेखत टोंकलें. ते म्हणाले, "फादर, आवाज लई येतो, पण शबूद कळत न्हाई." आमची मान खालीं गेली.

बोलण्यांतील आ, ओ हे स्वर जोरकस. स, त, प हीं व्यंजनें क्षीण. शब्द ओळखावयाचा तो व्यंजनांवरून. आणि वार्धक्यानें किंवा कारखान्याच्या गोंगाटानें प्रथम हरपतें तें बहुधा बारीक, उंच ध्वनींचेंच ऐकणें. मग 'पाप' आणि 'ताप' यांत भेद तो काय राहिला? प्रवचनकारास हा धोका लहान नव्हे!

यंत्र आवाज वाढवितें, तसाच पत्र्यांवरील पावसाचा माराहि वाढवितें. हल्लींचीं यंत्रें गोंगाट कांहींसा दाबतात. पण प्रतिध्वनि हा बोलणाराचाच आवाज असल्यामुळें तो वेगळा काढणें त्यांस फार कठीण जातें. आपल्या चर्चमध्यें उघड्या भिंती, फरशी आणि उंच छप्पर. मागला शब्द विरण्यापूर्वींच पुढला येऊन त्यावर आदळतो.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १८९५ सालीं वॅलेस सॅबिन या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांकडे असेंच एक व्याख्यानगृह सुधारण्याचें काम आलें. तेथें आवाज विरण्यास पांच सेकंदांहून अधिक काळ लागे. त्यांनीं दुसऱ्या सभागृहांतील गाद्या आणून मांडल्या; गाद्या वाढल्या तसतसा तो काळ घटला. माणसेंहि गाद्यांचेंच काम करितात, म्हणून नाताळच्या गर्दींत आमचे शब्द जितके स्पष्ट, तितके रोजच्या दहा-बारा जणांच्या मिस्सेंत नसतात.

आतां मुद्दा. ज्युबिलीच्या वर्गणींतून मोठे कर्णे घ्यावेत असें कमिटीनें ठरविलें आहे. आम्ही स्पष्ट सांगतों, हें ठीक नाहीं. कर्णा मोठा केला कीं प्रतिध्वनीहि मोठा होतो. त्यापेक्षां मागल्या भिंतीस जाड पडदे लावावेत, लहान कर्णे बांकांजवळ बसवावेत. शिवाय बांकांभोंवतीं तारेचें एक वेटोळें घालतां येतें. ज्या कर्णयंत्रांत 'टी'ची सोय असते, त्यांत ध्वनिक्षेपकांतील शब्द या तारेच्या चुंबकक्षेत्रानें थेट पोंचतात. भिंतींस मध्यें बोलावयास जागाच उरत नाहीं.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायांत प्रभूनें बहिऱ्यास बरें करण्यापूर्वीं लोकसमुदायांतून एकीकडे नेलें. हें वचन आम्हीं किती वेळां वाचलें असेल. त्यांतील 'एकीकडे' आम्हांस त्या ओट्यावर कळलें.

येत्या रविवारीं आजोबा पुढल्या बांकावर बसणार आहेत. वाचन व प्रवचन चालू असतां पंखे बंद राहतील. कोणास उकडल्यास त्यानें आम्हांस सांगावें, आजोबांस नव्हे.