एस.टी. थांबली तेव्हा



२५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी सुरू झाली. करोनाबाधितांची मोजदाद रोज सायंकाळी प्रसिद्ध होई. औषधावाचून राहिलेल्या मनोरुग्णांची मोजदाद कोणाच्याच वहीत नव्हती. वस्तुतः दुखणे जुनेच. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते.

महाराष्ट्रात तेव्हा शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चारच होती : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. गडचिरोलीच्या रुग्णाची वाट नागपूरला जाते, सिंधुदुर्गाच्या रुग्णाची रत्नागिरीला. आंतरजिल्हा एस.टी. पुन्हा धावली ती २० ऑगस्टला. जवळजवळ पाच महिने! छिन्नमनस्कतेचे औषध खंडित झाले की आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि तो प्रथम सोसावा लागतो घरच्या आईला. शिवाय काही औषधे केवळ गोळी गिळण्यापुरती नसतात. क्लोझापाइन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी नियमित मोजाव्या लागतात, लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातील त्याचे प्रमाण तपासावे लागते. भ्रमणध्वनीवरून रक्त काढता येत नाही.

त्याच २५ मार्चला केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, हे श्रेय दिलेच पाहिजे. वैद्याचा सल्ला घरी आला. परंतु मनःप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली येणारी औषधे दूरध्वनीवरून लिहून देण्यास मनाई होती. आणि एका खोलीच्या घरात, सासू आणि पती शेजारी बसलेले असताना, एखाद्या सुनेने आपल्या मनातील काय सांगावे?

हे केवळ आपल्याकडेच घडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १३० देशांची पाहणी करून ऑक्टोबर २०२०मध्ये सांगितले की, ९३ टक्के देशांत अत्यावश्यक मानसिक आरोग्यसेवा खंडित वा बंद झाल्या होत्या.

पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' सुरू झाले. १४४१६ हा त्याचा निःशुल्क क्रमांक. समुपदेशक तेथे आपल्या भाषेत धीर देतो. गोळ्यांचे पाकीट मात्र तालुक्याहून कोणीतरी आणावेच लागते. टाळेबंदीत शिधा वाटणारे कार्यकर्ते दाराशी येत, तेव्हा लोक तांदूळ मागत, रक्तदाबाची गोळीही मागत. मुलाच्या मनोविकाराची चिठ्ठी मात्र कित्येक घरांत कपाटाच्या कागदाखालीच राहिली.