एकच अंतर, दोन वेळा

दिल्ली आणि कोलकाता या दोन शहरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे 1,300 किलोमीटर आहे. सरकारी प्रवासभत्त्याच्या कागदावर जाणे आणि येणे ही सारखीच दिसतात. परंतु हिवाळ्यातील वेळापत्रक पाहावे, तर दिल्लीहून पूर्वेस जाण्यापेक्षा कोलकात्याहून परतण्यास अधिक वेळ दिलेला आढळतो. हा घड्याळांचा खेळ नव्हे. भारतभर प्रमाणवेळ एकच आहे. मग अंतर तेच असता वेळ का बदलावा?

हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेस, सुमारे बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रबळ झोत वाहत असतो. विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या मानाने असतो. ती हवाच चालू लागली, की प्रवाहातील नावेप्रमाणे विमानाची गत होते. हिशेबाकरिता विमानाचा वेग ताशी 800 व वाऱ्याचा 150 किलोमीटर धरू. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग 950 होतो, परतताना 650. पहिला प्रवास 82 मिनिटांचा, दुसरा पुऱ्या दोन तासांचा. वारा मुळीच नसता, तर प्रत्येक खेपेस साडेसत्त्याण्णव मिनिटे लागली असती. म्हणजे जाताना पंधरा मिनिटांचा लाभ आणि येताना बावीस मिनिटांची हानी! जाता-येता वाऱ्याचे देणेघेणे फिटते, हा आपला समज येथे खोटा ठरतो. प्रतिकूल वाऱ्यात विमान मंद चालते, आणि मंद चालते म्हणूनच त्या वाऱ्यात अधिक काळ राहते. पावसाळ्यात हा झोत तिबेटच्या उत्तरेस सरकतो व हा फरक बराच घटतो.

वेळापत्रकातील आकडा मात्र याहून मोठा असतो, कारण विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल त्यात आली, चढण्या-उतरण्याचा वेळही आला. दमदमपर्यंतचा रस्ता व तेथील तपासणीची रांग तेवढी आली नाही.

आता कोलकात्यातील एखाद्या मराठी गृहस्थास ग्वाल्हेरहून वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप यावा, आणि महिना जानेवारीचा असावा. दिल्लीपर्यंत विमान, पुढे आगगाडी. 'दोनच तासांचा तर प्रवास,' असे म्हणून तो पहाटेचे विमान धरतो व दुपारच्या आत सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढतो. समोरून पश्चिमेचा वारा, खाली दिल्लीवर धुके! धुक्यात उतरण्याची साधने आता पुष्कळ सुधारली आहेत, हे खरे. तरी विमानांमधील अंतर वाढवावे लागते, आणि एकाचा विलंब मागच्या सर्वांना भोवतो. अशा दिवसांत विमान पहाटेचेच घ्यावे, परंतु आगगाडी तिसऱ्या प्रहरानंतरची पाहावी; आणि ग्वाल्हेरला वाट पाहणाऱ्यांना पोहोचण्याची वेळ त्या गाडीवरून कळवावी.