चिनी वसंत आणि मुलुंडचा बेंजो



संगीतावर बोलायला कामगार संघटनेच्या माणसाला उभे केलेत याचे नवल आम्हांलाच वाटते. रागदारी आम्हांला कळत नाही. सुरांची जी काय ओळख झाली ती मोर्चातल्या डफावर. तेव्हा आम्ही वाजवणाऱ्यांविषयी बोलणार. आरंभ मात्र चीनपासून करतो.

ली हुआनझी या चिनी संगीतकाराने १९५५-५६ च्या सुमारास वसंतोत्सवावर एक वाद्यवृंदरचना केली. तिचा पहिला भाग, आपण त्याला नांदी म्हणू, आज चिनी नववर्षाला हटकून वाजतो. त्याचे मूळ आहे येनानच्या आसपासच्या शेन्सी प्रांतातल्या खेड्यांत. तिथले शेतकरी नव्या वर्षाला ढोल, झांजा आणि आपल्या सनईच्या जातीचे सुओना घेऊन नाचत निघतात. त्या नाचाचे नाव यांगगे. ली तरुणपणी येनानला राहिले होते. (आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीसही १९३९ साली तिथेच पोचले.) शेतकऱ्यांचा ठेका त्यांनी व्हायोलिन-ट्रंपेटांच्या हाती दिला, पण त्याच्या पायांची धूळ झटकली नाही. २००७ साली चीनचे यान चंद्राकडे गेले, त्यात ही धूनही होती.

आता मुलुंड-घाटकोपरकडे या. गणपती आले की गल्लोगल्ली बेंजो वाजू लागतो. हा अमेरिकेतला बेंजो नव्हे. जपानात १९१२ साली ताइशोगोतो नावाचे वाद्य निघाले. लाकडी पेटीवर तारा, वर टंकलेखन यंत्रासारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्याने तार छेडायची. आपल्याकडे त्याचा बुलबुलतरंग झाला आणि मुंबईच्या पोरांनी त्याला वीज जोडून कर्णा लावला, तो आपला बेंजो! कोळीगीत मूळचे गळ्याचे. बेंजोवर शब्द गळून जातात, तरी समोरचा माणूस ते मनात म्हणतच नाचतो. लींनी केले ते याहून निराळे काय? वाद्यवृंद म्हणवून घ्यायला अंगात कोटच लागतो की काय?

फरक आहे तो मजुरीचा. बेंजोचे काम सुपारीवर चालते. सुपारी घेतो पार्टीचा मालक. ढोल गळ्यात अडकवणाऱ्याला काय मिळणार, हे बहुधा विसर्जनानंतर कळते. हंगाम गणपती, नवरात्र आणि लग्नसराईचा. एरवी तो रिक्षा चालवतो किंवा कंत्राटावर राबतो. त्यात आता डीजे आला. यंत्रापाशी एक माणूस बसतो आणि दहा-पंधरा जणांची रोजी जाते. गिरण्या-कारखान्यांत आम्ही हेच पाहिले. तिथे निदान गेटवर सभा तरी घेता येत असे. मिरवणुकीला गेट कुठले?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांना आमचा विरोध नाही. आजाऱ्याला झोप हवी, आणि वाजवणाऱ्यालाही कान आहेत. पण वाजवणे मध्येच थांबवावे लागले तर मजुरी कोणाची कापली जाते, हे कोणी विचारतो काय?

या मांडवात मंडळांचे कार्यकर्ते बसले आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे, यंदा सुपारी देताना चिठ्ठीवर लिहा : वाजवणारे किती, प्रत्येकाला किती, पावसाने मिरवणूक मोडली तर काय आणि जेवण कोणाकडे. आणखी एक ओळ वाढवा : शेवटची लोकल चुकलेल्यांना घरी कोण पोचवणार. ढोल घेऊन फलाटावर रात्र काढणारी पोरे आम्ही ठाण्याला पाहिली आहेत.