कोर्टातला धर्म आणि आपली नोंद



लग्न विहारात लागते, पण वारसाचे भांडण कोर्टात जाते. तिथे पहिला प्रश्न निघतो, तुम्हाला कायदा कोणाचा लागू? ही रीत इंग्रजांची. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालात ठरवले, की लग्न, वारसा, जात या बाबतीत हिंदूंना शास्त्र, मुसलमानांना कुराण. शास्त्र सांगायला कोर्टात पंडित बसवले. ते १८६४ पर्यंत होते. आपला भंडारा मध्य प्रांतात. इथे १८७५ च्या कायद्याने तीच विभागणी आली.

म्हणजे जे शास्त्र ऐकायचीही आपल्या पूर्वजांना बंदी, त्याच शास्त्रावरून त्यांच्या घरचे निवाडे! रूढीला जागा होती, पण ती सिद्ध कोणी करायची? गरिबाजवळ कागद कुठला?

एक उदाहरण सांगतो. कष्टकरी जातींत विधवेचा पाट पूर्वीपासून लागायचा. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात कलम होते, की दुसरे लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला. मुंबई हायकोर्टाने १८९६ मध्ये ते पाटाची चाल असलेल्या जातींनाही लावले. अलाहाबाद हायकोर्टाचे मत उलटे. बाई तीच, पाट तोच. कोर्ट बदलले की हक्क बदलला.

हा गोंधळ मोडून स्त्रीला हक्क द्यावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झटले. ते अडले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५४ ला तेच बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढले आणि हरले, हेही ध्यानात असू द्या.

पुढे १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा झाला. नाव हिंदू, पण दोन्ही बौद्धांनाही लागू. ते नाव खटकते, खटकणारच. बौद्धांचा वेगळा कायदा हवा, ही मागणीही आहे. ती चर्चा होऊ द्या. पण तोवर हातातला हक्क सोडू नका. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. विवाह कायद्याचे कलम ७ सांगते, की वर किंवा वधूकडच्या रूढ विधीने लागलेले लग्न चालते. सप्तपदी सर्वांना सक्तीची नाही.

मात्र रूढी आजही सिद्ध करावी लागते. म्हणून विहारात लग्नाचे रजिस्टर ठेवा. तारीख, विधी, साक्षीदारांच्या सह्या घ्या. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंद करून दाखला घ्या. उद्या नवरा गेल्यावर पेन्शनसाठी, शेतीच्या फेरफारासाठी आपल्या लेकीला ‘लग्न झाले होते काय?’ असे कोणी विचारू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!