कुत्र्याचं प्रथिन, कुत्र्याविना
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



काल शिंदखेडा स्टेशनवर उतरल्यापासून निदान चौघींनी विचारलं, "तू करस तरी काय वं?" सॉफ्टवेअर लिहिते, हे सगळ्यांना माहीत आहे. कशासाठी, ते आज सांगते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या प्रथिनांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आमचा गट बनवतो. त्यातली एकच नोंद घेते: 'रिकॉम्बिनंट कॅनाइन इंटरल्यूकिन-३१'.

कॅनाइन म्हणजे कुत्र्याचं. इंटरल्यूकिन हे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप. सूज कुठे आणायची, संरक्षक पेशी कुठे बोलवायच्या, हे अशा निरोपांवर ठरतं. इंटरल्यूकिन-३१ चा निरोप मज्जातंतूंपर्यंत जातो आणि खाज सुटते.

हे ऐकून एकीनं तोंड वाकडं केलं. "म्हणजे कुत्र्याचं रक्त काढता का गं?" नाही. 'ताशा' नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो कोणालाही वाचायला खुला आहे. हे प्रथिन म्हणजे दीडशेच्या आसपास अमिनो आम्लांची माळ. अक्षरांत लिहिली तर वहीच्या पाचसहा ओळींत मावते. त्या मजकुराबरहुकूम डीएनए तयार करायचा, तो जिवाणूत किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशीत घालायचा आणि तिच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचं. १९८२ मध्ये मान्यता मिळालेलं मानवी इन्सुलिन याच वाटेनं आलं.

माझ्यासारखीला हे ओळखीचं वाटतं: कोड लिहिला, यंत्रानं चालवला. पण पेशी संगणकाइतकी आज्ञाधारक नसते. ई. कोलाय जिवाणू माळ बरोबर ओवतो, पण पुष्कळदा तिची घडी चुकते आणि निकामी गोळे तयार होतात. कुत्र्याची पेशी प्रथिनावर शर्करेच्या साखळ्या चढवते. तो साधारणपणे चढवत नाही. शिवाय त्याच्या आवरणाचे अंश बाटलीत उरले, तर तेच संरक्षक पेशींना चेतवतात. मग पेशी जाग्या झाल्या त्या प्रथिनामुळे की त्या घाणीमुळे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून 'कशात बनवलं' आणि 'एंडोटॉक्सिन किती' हे दोन रकाने आमचं सॉफ्टवेअर रिकामे सोडूच देत नाही.

पण मी सर्वांत जास्त जपते तो रकाना 'प्रजाती'चा. माणसाचं इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या पेशींना कळत नाही, उंदराचं माणसाच्या पेशींना कळत नाही. चुकीच्या प्राण्याचं प्रथिन वापरलं तर प्रयोग बोंब मारत नाही. तो गुपचूप शून्य उत्तर देतो. संशोधक समजतो, औषधात दम नाही. कुत्र्याचा आजार समजून घ्यायचा तर कुत्र्याचंच प्रथिन हवं, ते यासाठी.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रथिन बीगल कुत्र्यांना टोचलं आणि ती खाजवू लागली. त्याच अभ्यासात ॲटोपिक त्वचारोग असलेल्या ५७ टक्के कुत्र्यांच्या रक्तात ते मोजण्याइतकं सापडलं. निरोगी कुत्र्यांत नाही. पुढे हा निरोप वाटेतच पकडणारं प्रतिपिंड आलं, लोकिवेटमॅब. २०१७ मध्ये त्याला युरोपात मान्यता मिळाली. महिन्याला एक इंजेक्शन. म्हणजे प्रथिन बनवायला कुत्रं लागलं नाही, तपासायला लागलं. ते वाचताना मला बरं वाटलं नव्हतं, आणि इथे गाळून सांगावं असंही वाटत नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी एका वर्गमित्रानं विचारलं, "आमच्या टायगरला सारखी खाज असते, ती बाटली मिळेल का?" अरे बाबा, ती टोचलीस तर तो आणखी खाजवेल! लेबलवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहितात ते उगीच नाही. आत असतात काही मायक्रोग्रॅम, तेही गोठवून सुकवलेले. बाटली रिकामीच वाटते. टायगरच्या अंगावरचे गोचीड, पिसवा बघ आणि खरूज आहे का ते जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घे. आपल्याकडे खाजेचं कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

जेवणानंतर ज्यांना हौस असेल त्यांनी शाळेच्या संगणक कक्षात यावं. माणसाचा आणि कुत्र्याचा मजकूर एकाखाली एक लावून दाखवते. कुठली अक्षरं जुळतात आणि कुठली नाहीत, ते तुम्हीच मोजा. जीवशास्त्राच्या मॅडमसाठी पुढची खुर्ची राखून ठेवली आहे.